शागालचं चित्र कसं बघायचं

मार्क शागालचं चित्र दिसलं की आपण "किती स्वप्नाळू!" म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो, प्लीज तसं करू नका, एका चित्राला दहा मिनिटं तरी द्या.

सुरुवात 1911 च्या 'मी आणि गाव'पासून करा. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे, पण वेबसाईटवरही चांगलं मोठं दिसतं. रंग नंतर, आधी डोळे शोधा. हिरव्या चेहऱ्याचा माणूस आणि त्याच्यासमोर जनावराचं तोंड, दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक अगदी बारीक रेघ आहे. ती सापडली की जनावराच्या गालावर झूम करा, तिथे एक इवलीशी बाई दूध काढत बसलीये! वर काही घरं उलटी आणि एक बाईसुद्धा उलटी. हे सगळं विटेब्स्कचं, आताच्या बेलारूसमधलं, शागाल तिथेच 1887 साली एका ज्यू घरात जन्मला, वडील हेरिंग माशांच्या वखारीत राबायचे. चित्र मात्र पॅरिसमध्ये बसून काढलंय, आणि लांब राहून घर आठवलं की सगळं नीट रांगेत थोडंच आठवतं.

आता उडणारी माणसं. इथे त्याची घरची भाषा, यिडिश, माहीत असायला हवी. दारोदार फिरणाऱ्याला यिडिशमध्ये 'घरांवरून जातो' म्हणतात, आणि 1914 च्या 'विटेब्स्कवरून'मध्ये पाठीवर पोतं घेतलेला म्हातारा खरंच घरांवरून चाललाय. मला हे कळलं तेव्हा आधी बघितलेली सगळी चित्रं पुन्हा काढून बघितली. 1915 च्या 'वाढदिवस'मध्ये त्याची होणारी बायको बेला फुलं घेऊन उभी आहे आणि शागाल स्वतः हवेत तरंगत, मान पार मागे वळवून तिला किस करतोय, लग्न काही दिवसांवर आलेलं, आपल्याकडे आभाळ ठेंगणं होतं ना, अगदी तसं.

रंग सगळ्यात शेवटी, आणि त्यासाठी 1938 चं 'व्हाइट क्रुसिफिक्शन', म्हणजे क्रुसावरच्या येशूचं चित्र, उघडा. एवढा रंगांचा माणूस, पण इथे जवळपास सगळं राखेसारखं पांढरं. येशूच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल आहे, बाजूला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जळतंय, होडीत जीव मुठीत धरून बसलेली माणसं. मग खाली उजवीकडे बघा. हिरव्या कपड्यातला एक माणूस, पाठीवर तेच पोतं, पण या वेळी पाय जमिनीवर आहेत आणि तो घाईघाईने निघालाय.