कुत्रं चावलं तर आधी नळ, मग गाडी

मागच्या पौषात, कारखान्याचं गळीत ऐन भरात असताना, दिवेलागणीला ऊसतोड टोळीतली एक बाई आमच्या दारात धापा टाकत आली. कडेवर पाच वर्षांचं पोरगं. "बाई, पोराला कुत्र्यानं धरलं वो!" पोटरीवर दोन दात रुतलेले, रक्त घोट्यापर्यंत ओघळलेलं. टोळीतला एकजण मोटरसायकल चालू ठेवूनच उभा होता, चला चला म्हणत. मी त्याला गाडी बंद करायला लावली.

सांगली जिल्ह्यात, वाळवा-पलूसच्या पट्ट्यात, मी तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं. कुत्रं चावल्यावर माणसं दवाखान्याकडे धावतात, ते बरोबरच आहे. पण त्याआधीची पंधरा मिनिटं घरच्या नळाची असतात.

परसातला नळ सोडला, पोटरी धारेखाली धरली, कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि घड्याळ बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं. म्हणजे सहा पंचवीसपर्यंत पाय बाजूला घ्यायचा नाही. पोरगं किंचाळत होतं, आई "बास की आता" म्हणत होती. पाचव्या मिनिटाला सगळ्यांचाच हात थांबतो, तुमचाही थांबेल, म्हणून घड्याळ समोर ठेवायचं. रेबीज म्हणजे कुत्रं पिसाळण्याचा रोग. त्याच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं. तेलकट ताट साबणानं निघतं तसंच ते वेष्टण साबणानं फाटतं आणि विषाणू निकामी होतो. अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा, कुठलाही साबण चालतो. वाहतं पाणी मात्र हवं. धुऊन झाल्यावर बीटाडिन असेल तर लावा, नसेल तर तसंच निघा.

हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, यातलं काहीही जखमेत भरू नका. चोळाचोळीनं विषाणू आणखी आत, नसांच्या (रक्ताच्या नव्हे, मेंदूला जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या) टोकांपर्यंत ढकलला जातो. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालायची घाई करू नका. घालावेच लागले तर कधी, ते पुढं सांगते.

आता हा विषाणू आत काय करतो ते समजून घ्या, म्हणजे दवाखान्यात काय मागायचं ते आपोआप कळेल. गोवरासारखा विषाणू अंगभर पसरतो, ताप आणतो, आणि त्या गडबडीत शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते. रेबीजचा तसा गाजावाजा करत नाही. चावलेल्या जागी स्नायूत थांबतो, मग एखाद्या नसेचं टोक धरून मेंदूकडे चढू लागतो. नसेत शिरला की यंत्रणेला त्याचा जवळजवळ पत्ताच लागत नाही. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरातच दिसतात, कधी वर्षानं. पोटरीपासून मेंदू लांब, गालापासून जवळ, म्हणून तोंडावरचा आणि मानेवरचा चावा जास्त धोक्याचा. आणि एकदा पाण्याची भीती हे रेबीजचं लक्षण दिसलं की माणूस वाचवणं जवळजवळ अशक्य.

पण याच संथपणामुळं चावल्यानंतरही लस देता येते. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस सुरू केली, ती चावून दोन दिवस उलटून गेल्यावर. सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली ती लस होती. मुलगा वाचला. आपल्याकडे पुढं १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरनं मेंढीच्या मेंदूपासून लस केली. पोटात चौदा इंजेक्शनं, ती हीच. दुखायची, आणि क्वचित मेंदूलाच त्रास व्हायचा. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवलेल्या, मारलेल्या विषाणूची असते आणि दंडात देतात. तरी आजही गावात म्हातारी माणसं पोटाच्या सुयांच्या धास्तीनं पोरांचा चावा लपवतात. त्यांना हे नीट समजावून सांगा.

दवाखान्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: एआरव्ही म्हणजे लस, आणि सिरम. लस शरीराला विषाणूची ओळख करून देते. ती पटली की शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडून निकामी करणारी प्रथिनं, बनवतं, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर जखमेतला विषाणू काही आपल्यासाठी थांबत नाही. त्या मधल्या दिवसांसाठी सिरम. त्यात घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं असतात, उसनी आणलेली. ती नसेत शिरण्याआधीच विषाणूला जखमेत गाठतात. उसनं थोड्या आठवड्यांत संपतं, तोवर घरचं तयार झालेलं असतं.

हा फरक मी इतका घोकते त्याला कारण आहे. नोकरीच्या मध्यावर एका मेंढपाळाच्या घरातली बाई पाहिली होती. गालाचा लचका तोडलेला. कुठल्याशा दवाखान्यात तिला टाके घातले, लस दिली, सिरम दिलंच नाही. घरच्यांना सिरम नावाची काही गोष्ट असते हेही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिला पाण्याचा तांब्या बघवेना. तिच्या थोरल्या लेकीनं मला विचारलं, "इंजेक्शन तर घेतलं होतं की, सिस्टर?"

म्हणून रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेवर, ओठांवर, डोळ्यांत लाळ गेली असेल, तर तोंड उघडून विचारा: "सिरम देणार ना?" कोल्हा-लांडगा, मुंगूस असलं जंगली जनावर चावलं तरी हेच. नुसतं ओरखडलं, रक्त नाही, तर लस पुरते. धड कातडीवर चाटलं असेल तर धुणं पुरे. शंका असेल तर ओरखड्यावर थोडं स्पिरिट लावून बघतात. झोंबलं तर कातडी फाटली आहे. "धनुर्वाताचं घेतलंय की" म्हणून घरी परतणारे मी डझनांनी पाहिले. टीटीचा रेबीजशी काडीचाही संबंध नाही.

सिरमचं माप वजनावर ठरतं, म्हणून पोराचं वजन करायला लावा. घोड्याचं सिरम किलोमागं ४० युनिट, माणसाचं २०. ऊसतोडीच्या बाईचं ते पोरगं १५ किलोचं, म्हणजे घोड्याचं ६०० युनिट. ते कमरेत टोचायचं औषध नाही. प्रत्येक दाताच्या खुणेत, भोवती आणि खोलवर भरतात. दुखतं. पोराला मांडीवर घट्ट धरा, पण एकही भोक राहू देऊ नका. टाके अगदी अटळ असतील तर यानंतरच, तेही सैल. मग अर्धा तास तिथंच बसा, रिअ‍ॅक्शन येत नाही ना ते बघायला. सिरम त्या दिवशी मिळालं नाही तर लस थांबवू नका, सुरू करा आणि सिरम दुसरीकडे शोधा. पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत चालतं. नंतर नको, कारण तोवर घरची प्रतिपिंडं यायला लागतात आणि उसनी त्यांच्या आड येतात.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, त्या जागी डाळीच्या दाण्याएवढा फुगा येतो. "एवढुसंच?" असं लोक नाराजीनं विचारतात. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी दाट असतात, त्यामुळं थोडक्या लसीनंही पुरेशी खबर पोचते. दिवस ०, ३, ७ आणि २८. पहिल्या डोसाचा दिवस म्हणजे शून्य. इथंच मोजणी चुकते. ५ जानेवारीला पहिला, तर पुढचे ८ ला, १२ ला आणि २ फेब्रुवारीला. दंडाच्या स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही धरून पाच वेळा. लहानग्यांना मांडीत देतात. कुल्ल्यात मात्र कधीच घेऊ नका, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. गरोदर बाईनं, अंगावर पाजणाऱ्या आईनंही घ्यायची. पथ्य काही नाही.

कुत्रं ओळखीचं असेल तर मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते सहसा दहा दिवसांच्या आत मरतं. पण ते जगतंय का बघत लस लांबवू नका. आज सुरू करा, कुत्रं दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतील.

म्हैस पिसाळली की गल्लीभर घबराट होते, रतिबाचं दूध सगळ्यांनीच घेतलेलं असतं. उकळलेल्या दुधानं रेबीज होत नाही. तिच्या तोंडात हात घालून औषध पाजलेल्या माणसाला मात्र लगेच दवाखान्यात न्या.

आणि कार्ड जपा. पूर्ण डोस झालेल्या माणसाच्या शरीरात ओळख पटलेल्या पेशी राहतात. पुन्हा चावलं तर जखम धुणं आणि दोनच डोस, ० आणि ३ ला. सिरम लागत नाही. कार्ड नसेल तर सगळं पहिल्यापासून. २ फेब्रुवारीला ऊसतोडीची ती बाई दुसऱ्या शिवारातून सात किलोमीटर चालत आली, पोराला घेऊन. कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं, वरून सुतळी बांधलेली. आता ते कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, मेढीलाच टांगून ठेवते म्हणाली.