आधी नॉईज खाली आणा, सिग्नल आपोआप वर येतो

बेळगाव-निपाणी भागातली बरीच पोरं आता एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतात आणि आठवड्याभरात विचारतात, "सिग्नल येत नाहीत, अँप्लिफायर कुठला लावू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: कुठलाच नको. शॉर्टवेव्हवर क्षीण सिग्नल बहुतेक वेळा घरच्या नॉईजखाली, म्हणजे विजेच्या उपकरणांच्या खरखरीखाली, गाडलेला असतो, आणि अँप्लिफायर दोघांनाही सारखंच वाढवतो.

साधं आरटीएल चिपचं डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही, आणि शॉर्टवेव्ह बहुतेक त्याखालीच असते, त्यामुळं ती वर सरकवून देणारा अपकन्व्हर्टर असलेलं घ्या. अँटेना काढून वॉटरफॉल (सिग्नल रेघांनी दाखवणारा पडद्यावरचा सरकता आलेख) बघा, मग परत जोडा. नॉईजची पातळी ठळकपणे चढली तर गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) पुरेसा आहे, तिथंच थांबा. डोंगलमधल्या, सिग्नलचे आकडे करणाऱ्या आठ बिटांच्या कन्व्हर्टरची ऐपत, म्हणजे जोरकस आणि क्षीण सिग्नलमधला त्याला पेलणारा फरक, सुमारे ५० डेसिबलची. धारवाड आकाशवाणीचं ७६५ किलोहर्ट्झ आपल्याला जवळ पडतं, तसलं जोरकस मीडियम वेव्ह केंद्र त्याला सहज दडपतं. पैसे खर्चायचेच तर मीडियम वेव्ह अडवणाऱ्या फिल्टरवर खर्चा.

नॉईज शोधायला सगळ्यात चांगली वेळ लाईट गेल्यावरची. लॅपटॉप बॅटरीवर घ्या, इन्व्हर्टर बंद करा. वॉटरफॉल काळाभोर होतो आणि आधी नसलेल्या रेघा उमटायला लागतात. लाईट आल्यावर फक्त आपल्या घरचा मेन स्विच पाडा. नॉईज तसाच राहिला तर तो शेजारचा. एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर हे नेहमीचे. खानापूरकडं रानाला लागून घर असेल तर गवे-डुकरांसाठी लावलेलं कुंपणाचं झटका मशीनही तपासा. साधारण सेकंदाला एक टक्, वॉटरफॉलवर आडवी रेघ. तारेला गवत टेकतं तिथं ठिणगी उडते, त्रास तिथून होतो. शेतकऱ्याला नीट सांगा, तो गवत लगेच कापतो. त्याचाही झटका तिथंच वाया जात असतो.

अँटेनाला २० मीटर बँडसाठी (१४ मेगाहर्ट्झच्या आसपास) मधोमध जोडलेल्या डायपोलचे दोन्ही हात मिळून १० मीटर वायर, घरापासून जमेल तितकी लांब.

मग एफटी-८, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा छोटे संदेश पाठवायचा डिजिटल मोड, लावा. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेला हा मोड शिकायला फार चांगला आहे. दिवसा १४.०७४, रात्री ७.०७४ मेगाहर्ट्झ, रिसीव्हर अप्पर साइडबँडवर, आणि संदेश वाचायला डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर. त्यात स्टेशनच्या नावापुढं उणे १८ आलं तर सिग्नल २५०० हर्ट्झमधल्या नॉईजच्या १८ डेसिबल खाली आहे. तरी तो वाचता येतो, कारण त्याची रुंदी ५० हर्ट्झच. तेवढ्या फटीतून नॉईज पन्नासपट कमी, म्हणजे १७ डेसिबल कमी शिरतो. उरलेलं काम संदेशातल्या चुका दुरुस्त करणारं एरर करेक्शन करतं. काहीच डिकोड होत नसेल तर आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा. १५ सेकंदांच्या पाळ्या असतात, दोन-अडीच सेकंदांहून जास्त फरक पडला की गाडी अडते.

रेडिओवर स्वतः बोलायचं असेल तर हौशी रेडिओच्या लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, तिचा अभ्यास याच काळात करा. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट लांबून जरी ऐकू आला, तरी अँटेनाची वायर काढून घराबाहेर टाका.