बाबांसाठी वेणीचा स्वेटर विणायला घेताय?

साधा सुलट-उलट स्वेटर जमायला लागला की पुढचं खूळ म्हणजे वेण्यांचा, आणि तोही घरच्याच कुणाला तरी द्यायचा. जरूर घ्या करायला. फक्त सरप्राईजचा हट्ट असेल तर माप अंदाजाने घेऊ नका, बाबांना नीट बसणारा एखादा जुना स्वेटर गुपचूप उचला, सपाट पसरा आणि काखेखालची रुंदी, उंची, बाहीची लांबी टेपने मोजून लिहून ठेवा. खांदा दुखणाऱ्या माणसाला डोक्यातून घालायचा स्वेटर म्हणजे शिक्षाच, त्यामुळे पुढून बटणाचाच करा.

लोकर फिक्या रंगाची घ्या. काळ्या किंवा गडद निळ्यात वेण्या दिसतच नाहीत, एवढी मेहनत पाण्यात. ऑफव्हाइट मळतो म्हणून बाबा नाक मुरडणार असतील तर फिका करडा. मध्यम जाडीची लोकर ८ नंबरच्या सुयांवर छान बसते, बॉर्डरला १० नंबर. पुरुषाच्या मापाला ६००-७०० ग्रॅम धरा (वेण्या लोकर खातात), आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आहेत ना ते दुकानातच बघा, नंतर आणलेला गुंडा पाठीवर पट्ट्यासारखा दिसतो.

आता नमुना. कंटाळा येतो, माहितीये, पण ५-६ इंचांचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधले ४ इंच मोजा. त्यात २२ टाके आले तर इंचाला साडेपाच, म्हणजे २२ इंची पाठीला १२१ टाके. पाठ साधीच ठेवा, तिथे वेण्या घालून कुणी बघत नाही. पुढच्या दोन्ही भागांना मात्र दर वेणीमागे एक-दोन टाके जास्त लागतात कारण वेणी कापड आत ओढते, आणि हे टाके बॉर्डर संपल्यावरच वाढवायचे, नाहीतर खाली झालर होते.

वेणी दिसते तेवढी अवघड नाही. सहा सुलट टाके, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट म्हणजे ती उठून दिसते. दर आठव्या ओळीत पहिले तीन टाके दोन टोकांच्या छोट्या सुईवर काढायचे, पुढचे तीन विणायचे, मग सुईवरचे तीन विणायचे. सुई पुढे धरली की वेणी डावीकडे झुकते, मागे धरली की उजवीकडे, म्हणून एका भागावर पुढे आणि दुसऱ्यावर मागे ठेवा, समोरासमोर मस्त दिसतं. ओळी कागदावर रेघा मारून मोजा, टीव्ही बघत लक्षात ठेवीन म्हणाल तर नाही राहत.

आणि एखादी वेणी उलटी वळली म्हणून अख्खा भाग उसवू नका हो! फक्त ते सहा टाके सुईवरून सोडा, चुकीच्या ओळीपर्यंत खाली उसवा, ओळीओळीचे आडवे धागे शिडीसारखे मोकळे होतील, ते खालून एकेक घेत छोट्या सुयांवर परत विणत वर या. सुरुवातीला टाके सैल-घट्ट दिसतात, धुतल्यावर बसतात.

आयर्लंडच्या ॲरन बेटांवरच्या अशा स्वेटरमध्ये प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असते असं ऐकलं असेल, ती नंतर रचलेली कथा आहे, तेव्हा नक्षी बिनधास्त आवडेल ती निवडा.

दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन गुंड्यांनी सोबत विणा, लांबीचा घोळच नको. थंडी सरल्यावर स्वेटर देण्यात मजा नाही, म्हणून गणपती उरकले की टाके घालाच. देताना धुण्याचं आईला नीट सांगा, खरी लोकर असेल तर गरम पाणी आणि मशीन दोन्ही नको, पिळायचा नाही, टॉवेलवर सपाट वाळवायचा, हँगरला तर अजिबात लावायचा नाही, लोंबतो. सोबत एक जास्तीचं बटण आणि उरलेली थोडी लोकर द्या, कोपर आधी झिजतं.