मुक्त स्रोत फ्लाइट सिम्युलेटरसाठी लायब्ररी कशा निवडाव्यात

फ्लाइट सिम्युलेटर बाहेरून एकच प्रोग्राम दिसत असला, तरी त्याच्या पोटात उड्डाणाचे गणित, दृश्य, भूभाग, आवाज, जॉयस्टिक आणि विमानांच्या माहितीच्या फाइली अशी अनेक स्वतंत्र कामे चालू असतात, आणि यांतील बहुतेक कामांसाठी मुक्त स्रोत लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येणारा इतरांनी लिहिलेला कोड, तयार मिळतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथील अभियांत्रिकीच्या तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून असा प्रकल्प हाती घेतला, तर त्यांचा खरा प्रश्न लायब्ररी मिळण्याचा नसून निवडण्याचा असतो. निवडताना बहुतेक जण ‘हिच्यात काय काय आहे?’ एवढेच विचारतात. त्याआधी विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: ही लायब्ररी उद्या काढून टाकावी लागली, तर आपल्या किती फाइलींना हात लावावा लागेल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. फ्लाइटगिअर हा १९९० च्या दशकापासून चालत आलेला मुक्त सिम्युलेटर सुरुवातीला दृश्यासाठी पीलिब या लायब्ररीवर उभा होता. डिसेंबर २००७ मधील त्याची १.० आवृत्ती पीलिबवरच होती. वर्षभराने आलेली १.९ आवृत्ती ओपनसीनग्राफ या दुसऱ्या दृश्य-लायब्ररीवर गेली. दृश्याचा भाग बदलला, पण मेनू आणि खिडक्या काढणारा पीलिबचा भाग त्यानंतरही अनेक वर्षे आत राहिला, कारण तो सर्वत्र पसरलेला होता. लायब्ररी मागे पडली तरी तिच्यावर लिहिलेला कोड जागचा हलत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

सर्वांत आधी परवाना पाहावा, कारण तांत्रिक चूक नंतर दुरुस्त होते, पण परवान्याची चूक झाल्यास लिहिलेले काम टाकून द्यावे लागते. आपला प्रकल्प जीपीएल या मुक्त परवान्याखाली ठेवायचा असेल, तर एमआयटी, बीएसडी, झेडलिब आणि एलजीपीएल परवान्याच्या लायब्ररी सहसा वापरता येतात. अपाचे २.० परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी जुळत नाही. म्हणून आपल्या परवान्यात ‘दुसरी किंवा त्यानंतरची आवृत्ती’ हे शब्द आहेत की नाहीत, यावर बरेच अवलंबून असते. फुकट मिळणारी गोष्ट मुक्त असतेच असे नाही. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ अशी अट असलेले विमानाचे त्रिमित मॉडेल कितीही देखणे असले, तरी ते जीपीएल प्रकल्पात घेता येत नाही.

उड्डाणाच्या गणितासाठी जेएसबीसिम ही सी++ मधील, एलजीपीएल परवान्याची लायब्ररी प्रथम तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानाचे वजन, पंख, इंजिन, चाके आणि वायुगतिकीय गुणांक (विमानावर पडणारा हवेचा जोर काढण्याचे आकडे) तिच्यात एक्सएमएल फाइलींमध्ये लिहिलेले असतात, त्यामुळे विमान बदलण्यासाठी कोड पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. तिला स्वतःचे दृश्य नाही, आणि हाच तिचा मोठा गुण आहे: स्क्रिप्ट देऊन ती एकटी चालवता येते आणि निकाल तक्त्याच्या फाइलीत घेता येतात. गुणांकांचे तक्ते जमवणे मात्र कष्टाचे असते. फ्लाइटगिअरमधील वायएसिम हा पर्याय विमानाच्या आकारमानावरून वागणूक ठरवतो आणि आकडे कमी असताना बरा पडतो, परंतु तो फ्लाइटगिअरच्या कोडमध्ये गुंतलेला असल्याने वेगळा काढून वापरणे सोपे नाही. बुलेटसारखी खेळांसाठीची भौतिकशास्त्राची लायब्ररी टक्कर उत्तम हाताळते, पण पंखावरचे उद्वहन, म्हणजे विमानाला उचलून धरणारे बल, तिला ठाऊक नसते. तिच्यावर विमान उडवायचे तर सगळे वायुगतिकी आपणच लिहावे लागते.

लायब्ररी पारखण्यासाठी आपल्याकडचा उन्हाळा कामी येतो. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, की तेथील हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते जणू प्रमाण वातावरणातील (गणितासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी हवेतील) साडेपाच हजार फुटांवरून उड्डाण करत असते. सेसना १७२ या छोट्या विमानाचे मॉडेल घेऊन एकदा १,९०० फुटांवरच्या प्रमाण तापमानाला, म्हणजे सुमारे ११ अंशांना, आणि एकदा ४२ अंशांना धावपट्टीवरून सोडावे व दोन्ही वेळचे धावेचे अंतर तपासावे. दुसऱ्या वेळी अंतर ठळकपणे वाढले पाहिजे. ते वाढले नाही, तर एक तर लायब्ररी तापमानातील फरक धरत नाही, किंवा आपण तो तिच्यापर्यंत पोहोचवतच नाही. दृश्याचा एकही ठिपका काढण्याआधी ही चाचणी करता येते, आणि ती करावीच.

जेएसबीसिम आतून फूट, स्लग (वस्तुमानासाठी) आणि रँकिन अंश (तापमानासाठी) अशा एककांत काम करते, तिचा विमानाचा झेड अक्ष खाली जातो, आणि गणिताचे तिचे नेहमीचे पाऊल एका सेकंदाच्या १२० व्या भागाचे असते. दृश्याची लायब्ररी बहुधा मीटर मोजते, वर जाणारा अक्ष धरते आणि संगणकाला झेपेल त्या वेगाने चित्रे काढते. या दोहोंमधील सर्व रूपांतर एकाच मध्यस्थ फाइलीत ठेवावे आणि जेएसबीसिमचे नाव त्या फाइलीबाहेर कोठेही येऊ देऊ नये. सुरुवातीला लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘एका फाइलीला’ असे येण्याचा हाच मार्ग आहे. चित्रांचा वेग कमी झाला तरी गणिताचे पाऊल बदलू नये, हेही त्याच फाइलीने सांभाळावे; अन्यथा मंद संगणकावर चाके धावपट्टीवर उसळू लागतात.

दृश्याची निवड सर्वांत अवघड असते. ओपनसीनग्राफ परिपक्व आहे, तिच्यावर प्रचंड काम झालेले आहे, परंतु आता ती मुख्यतः देखभालीपुरती चालू आहे. तिची उत्तराधिकारी व्हल्कनसीनग्राफ एमआयटी परवान्याची असून तिची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. नव्या प्रकल्पाने नवीच घ्यावी, हे म्हणायला सोपे आहे. पण कॉलेजच्या लॅबमधील जुन्या संगणकांच्या एकात्मिक ग्राफिक्सवर व्हल्कन, म्हणजे ही लायब्ररी चित्रे काढण्यासाठी वापरते ती नवी ग्राफिक्स प्रणाली, नीट चालेलच असे नाही. ज्या संगणकांवर प्रकल्प चालवायचा आहे, त्यांतील सर्वांत जुन्या संगणकावर लायब्ररीसोबत येणारी उदाहरणे आधी चालवून पाहावीत. ती तेथे अडत असतील, तर ओपनसीनग्राफ घेण्यात कमीपणा नाही, फक्त पुढे ती बदलावी लागेल हे धरून चालावे.

कोणतीही घेतली तरी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अचूकतेची. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण सुमारे ६४ लाख मीटर अंतरावर आहोत, आणि ३२ बिटांच्या दशांश संख्येला त्या अंतरावर अर्ध्या मीटरपेक्षा बारीक फरक दाखवता येत नाही. सगळी स्थाने अशा संख्यांत ठेवली, तर विमान चिकलठाण्यावर स्थिर उभे असतानाही कॉकपिटमधील काटे थरथरतात. म्हणून स्थाने ६४ बिटांत ठेवण्याची आणि दृश्याचा आरंभबिंदू विमानाजवळ सरकवण्याची सोय लायब्ररीत हवी. दुसरी गोष्ट खोलीची, म्हणजे डोळ्यापासूनच्या अंतराची: डोळ्यांपुढचा काटा आणि शंभर किलोमीटरवरचे क्षितिज एकाच चित्रात बसवताना दूरचे पृष्ठभाग एकमेकांत मिसळून लुकलुकतात. त्यासाठी दृश्य जवळच्या आणि दूरच्या अशा दोन कॅमेऱ्यांत विभागता येते का, किंवा खोलीची मोजणी उलटी करता येते का, ते पाहावे.

भूभागाच्या बाबतीत उलटा सल्ला द्यावासा वाटतो: लायब्ररी घेण्याची घाई करू नये. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंचीची माहिती एक अंश बाय एक अंश अशा चौकोनांच्या फाइलींत मिळते. चिकलठाणा १९ उत्तर, ७५ पूर्व या चौकोनात येतो. एक कोनीय सेकंदाच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) जाळीत अशा फाइलीत ३,६०१ गुणिले ३,६०१ उंच्या असतात, प्रत्येक दोन बाइटची, जास्त स्थानिक किमतीचा बाइट आधी. संपूर्ण मराठवाडा अशा वीसेक फाइलींत मावतो, आणि त्या वाचणारा कोड पन्नास ओळींत लिहून होतो. जीडीएएल ही उत्तम लायब्ररी आहे, पण ती अनेक नकाशास्वरूपे आणि प्रक्षेपणे हाताळण्यासाठी आहे. उपग्रहचित्रे जोडायची वेळ आली, की ती घ्यावी, तीही नकाशे तयार करणाऱ्या वेगळ्या साधनात, सिम्युलेटरमध्ये नव्हे. ही जाळी सुमारे ३० मीटरची असल्याने देवगिरीचा तासलेला कडा तिच्यात उतरत्या टेकाडासारखा दिसेल. तो दोष कोणत्याही लायब्ररीने सुटणार नाही. किल्ल्याचे मॉडेल हातानेच करावे लागेल.

आवाजासाठी ओपनएएल सॉफ्ट आणि खिडकी व जॉयस्टिकसाठी एसडीएल घ्यावी. या दोन निवडींवर वाद घालण्यात वेळ दवडू नये.

सोयरीक जुळवताना मुलासोबत त्याचा गोतावळाही पाहतात, तसे लायब्ररीसोबत तिला लागणाऱ्या इतर लायब्ररी मोजाव्यात. एका छोट्या सोयीसाठी दहा पाहुणे घरात येणार असतील, तर ती सोय स्वतः लिहावी. जेथे भारनियमन आणि अडखळते इंटरनेट नेहमीचेच आहे, तेथे बिल्ड करताना आयत्या वेळी काहीही डाउनलोड होऊ देऊ नये. प्रत्येक लायब्ररीचा सोर्स ठरावीक आवृत्तीसह एका पेनड्राइव्हवर जतन करावा, सीमेक फाइलीत (प्रकल्प कसा कंपाइल करायचा ते सांगणाऱ्या) तोच मार्ग द्यावा, आणि आवृत्ती, परवाना व ती घेण्याचे कारण प्रत्येकी एका ओळीत प्रकल्पातील फाइलीत नोंदवावे. मग वायफाय बंद करून, नव्याने लिनक्स घातलेल्या संगणकावर केवळ त्या पेनड्राइव्हवरून सारा प्रकल्प कंपाइल करून पाहावा; जेथे तो अडेल, तेथे नोंद न झालेली एखादी लायब्ररी सापडेल.