वाफेच्या लाइनसाठी पाइपला निमुळते आटे कसे पाडावेत

वाफ रोखून धरतात ते आटे, टेफ्लॉन टेप नव्हे. निमुळत्या आट्यांचा व्यास दर 16 मिमी लांबीला 1 मिमीने कमी होतो. त्यामुळे पाइप फिटिंगमध्ये शिरेल तसे आटे एकमेकांत आवळत जातात. राहिलेल्या बारीक फटी भरणे आणि घर्षण कमी करणे, एवढेच टेपचे काम. पुढची मापे ट्रॅप (लाइनमध्ये साचलेले पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) आणि ड्रेनच्या अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश मानकाचे आटे) लाइनची आहेत. खुद्द बॉयलर आणि मुख्य स्टीम लाइन आयबीआरखाली (भारतीय बॉयलर नियमांखाली) येतात; तिथे बाष्पके संचालनालयाच्या परवानगीशिवाय हात घालू नये.

१. पाइप सी क्लासचाच, म्हणजे जाड भिंतीचाच घ्या. त्याची जाडी 3.2 मिमी असते, आटे पाडल्यावर जेमतेम 1.9 मिमी उरते. मध्यम जाडीच्या बी क्लासमध्ये 1.3 मिमीच उरते आणि लाइन हादरत असेल तर पाइप नेमका आट्याच्या मुळाशी तुटतो.

२. पाइप काटकोनात कापा. कटरने आत वळलेली कड रीमरने काढा, बाहेरची कानशीने.

३. डायचे (आटे पाडायच्या हत्याराचे) चार दात 1 ते 4 क्रमानेच बसवा. क्रम चुकला तर आटे फाटतात. भरपूर कटिंग ऑइल सोडत डाय फिरवा. पाइपचे टोक डायच्या बाहेरच्या तोंडाशी सपाट आले की थांबा. इथेच बहुतेकांचे चुकते: ‘दोन आटे जास्त असू द्या’ म्हणून डाय पुढे नेली की टोकाकडचे आटे सरळ, एकाच व्यासाचे होतात आणि निमुळतेपणाचा फायदा जातो. आट्यांची लांबी साधारण 13 मिमी, म्हणजे सात आटे पुरेत.

४. टेप न लावता नवे सॉकेट हाताने चढवून पाहा. चार-साडेचार फेरे जायला हवेत. दोनच गेले तर आटे उथळ आहेत. सहा-सात गेले तर डाय जास्त आवळली गेली, तो तुकडा कापून टाका.

५. किस पुसून टेप तीन-चार वेढे लावा, टोकाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपची चिंधी ट्रॅपच्या सीटवर जाऊन बसते. 10 बारची संपृक्त (उकळत्या पाण्याइतक्याच तापमानाची) वाफ 184 अंशांची असते. टेप 260 पर्यंत टिकते. सफेदा आणि धागा पाण्याच्या नळाला ठीक. वाफेत धागा करपतो.

६. हाताने घट्ट झाल्यावर पाइप पान्याने दोन ते अडीच फेरे द्या. एल्बोची दिशा पुढे गेली तर मागे फिरवू नका. पूर्ण उघडा, टेप बदला, पुन्हा बसवा.

आयात केलेल्या व्हॉल्व्हला बरेचदा एनपीटी (अमेरिकन मानकाचे) आटे असतात. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला 14 आटेच असतात, म्हणून ते एकमेकांत बिनबोभाट चढतात. पण बीएसपीचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60. मग कितीही टेप गुंडाळा, वाफ आट्याआट्यातून वळसे घेत बाहेर येते. तिथे तयार अॅडॅप्टरच लावावा. प्रेशर गेजचे आटे सरळ असतील तर तिथे टेप नको, तळाशी तांब्याचा वॉशर लागतो.

लॅगिंग (पाइपवर उष्णतारोधक आवरण) करण्याआधी थंड पाण्याने कामाच्या दाबाच्या दीडपट हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) घ्या. वाफ सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. साचलेले पाणी आदळले की चांगला जोडही हलतो. गळती दिसली तर दाब पूर्ण उतरवून, लाइन थंड झाल्यावरच पाना लावा.