बीटाचा ताजा रस: मातकट वास घालवून

बीटाचा रस एकदा पिऊन "नको रे बाबा" म्हणणारे बहुतेक जण त्या मातकट वासालाच वैतागलेले असतात. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसात मातीचा जो सुगंध दरवळतो, त्यातही हेच असतं. बीटात ते सालीत जास्त, म्हणून रसाची अर्धी चव सोलतानाच ठरते.

बाजारातून मुठीत मावतील असे टणक बीट आणा. फार मोठे, जून बीट आतून चरबट निघतात आणि त्यांना वासही जास्त येतो. दोन लहान ग्लास रसासाठी दोन मध्यम बीट (साधारण 250 ग्रॅम), एक गाजर, अर्धा इंच आलं, अर्धं लिंबू आणि चिमूटभर काळं मीठ पुरेल.

बीट वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, देठाकडचा भाग जरा सढळ हाताने कापून टाका आणि साल जाडसरच काढा. इथे काटकसर नको. सोलण्याआधी तळहाताला थेंबभर तेल चोळलं की बोटं लाल होत नाहीत. पाटावर खाली जुना कागद घाला.

आता बारीक तुकडे करा. मोठे तुकडे पात्याखाली अडकतात, मिक्सर नुसता घरघरतो आणि भांडं तापतं. बीट, गाजर, आलं आणि अर्धी वाटी गार पाणी घालून आधी थांबून थांबून फिरवा, मग सलग एक मिनिट. पाणी एकदम ओतू नका. लगदा फिरेनासा झाला तरच दोन चमचे वाढवा.

गाळायला चहाची गाळणी घेतली तर चोथा वर बसून राहतो. त्यापेक्षा धुतलेलं मलमल पातेल्यावर पसरा, लगदा त्यात ओता आणि पुरचुंडी करून पिळा. शेवटपर्यंत घट्ट पिळा. लिंबू आणि मीठ आता घाला. लिंबाच्या आंबटपणाने उरलासुरला वास दबतो. थंडीत लिंबाऐवजी एक आवळा वाटून घातला तर मला तो जास्त आवडतो.

रस लगेच प्या. ठेवायचाच झाला तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये, आणि त्याच दिवशी संपवा. पहिल्यांदा पिणाऱ्याने अर्ध्या ग्लासापासून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच लालसर झालं तर घाबरू नका, तो बीटाचा रंग असतो.

लाल रंगामुळे "बीटाने रक्त वाढतं" असं घरोघरी सांगतात. खरं तर 100 ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं एक ब-जीवनसत्त्व) मात्र चांगलं असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या रसावर विसंबू नका, औषध चालू ठेवा. बीटातल्या नायट्रेटने रक्तदाब थोडा उतरतो, तेव्हा बीपीची गोळी चालू असलेल्यांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बीटात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बरेचसे मुतखडे त्यापासूनच बनतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही तसंच करावं.

चोथा फेकू नका. त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून मळा. थालीपीठ थापून मधोमध भोक पाडा, तेल सोडा, झाकण ठेवा. कडा खरपूस झाल्या की लोण्याबरोबर तव्यावरून थेट ताटात.