सिनॅप्सच्या चित्रात लाल ठिपके आधी काढा

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. सिनॅप्सचं, म्हणजे चेतापेशी पुढच्या पेशीला संदेश देते त्या सांध्याचं चित्र मुलं सुरेख काढतात. वर फुगीर टोक, खाली दुसरी पेशी, मधल्या फटीत ठिपके. पण ‘हे ठिपके बाहेर पडले कशामुळे?’ असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून आता मी पुस्तकातलं चित्र उतरवू देत नाही. जसं घडतं त्याच क्रमाने काढायचं. कोरा कागद, काळी, निळी आणि लाल पेन्सिल घ्या. खोडरबर हवंच.

काळ्या पेन्सिलीने अक्षतंतूचं, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याचं, फुगीर टोक काढा आणि त्याच्यासमोर स्नायूचा पृष्ठभाग. मधली फट अगदी अरुंद ठेवा. खरी फट सुमारे 50 नॅनोमीटरची असते. टोकाच्या आत निळ्या गोल पिशव्या काढा, ह्या व्हेसिकल्स. एकेकीत अ‍ॅसिटिलकोलिन ह्या संदेश नेणाऱ्या रसायनाचे काही हजार रेणू भरलेले असतात. हेच पुढचे निळे ठिपके. पिशवीचा व्यासही जवळपास फटीएवढाच, हे प्रमाण सांभाळा. काही पिशव्या मागे साठ्यात ठेवा, काही टोकाच्या पटलाला, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाला, अगदी चिकटवून. चिकटलेल्यांना प्रथिनांच्या दोऱ्यांनी बांधा. पिशवीकडून सिनॅप्टोब्रेव्हिन, पटलाकडून सिंटॅक्सिन आणि स्नॅप-25. सुतळीचे पदर वळावेत तशी ही एकमेकांत वळतात.

फटीत अजून एकही निळा ठिपका नको. इथेच मुलं घाई करतात.

आता लाल पेन्सिल. टोकाच्या बाहेर कॅल्शियमचे भरपूर ठिपके द्या, आत जवळजवळ काहीच नाही. विश्रांतीत बाहेरचं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. पटलात, चिकटलेल्या पिशव्यांच्या अगदी शेजारी, बंद दारं काढा. विद्युत आवेग टोकापर्यंत आला की ही दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. पिशवीवरचं सिनॅप्टोटॅग्मिन ते पकडतं, पीळ पूर्ण आवळला जातो, पिशवीचं पटल पेशीच्या पटलात मिसळतं आणि अ‍ॅसिटिलकोलिन फटीत सांडतं. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत. निळे ठिपके आत्ता काढा.

मग माझा आवडता भाग, खोडणं. लाल ठिपके खोडा आणि स्वतःला विचारा, आवेग आला तर काय होईल? शास्त्रज्ञ बर्नार्ड कात्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर हेच तपासलं. बाहेर कॅल्शियम नसेल तर आवेग टोकापर्यंत पोचतो, पण रसायन सुटत नाही. रसायन सुटं सुटं नाही, ठरावीक पुडक्यांनी बाहेर पडतं, हेही त्यांनीच दाखवलं. 1970 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता स्नॅप-25 खोडा. बोट्युलिनम विषाचा ए प्रकार तोच दुवा कापतो. पिशव्या भरलेल्या राहतात, स्नायू लुळा पडतो. फटीत अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम काढून तेही खोडून बघा. कपाशीवर फवारायची ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं ते बंद पाडतात, मग रसायन साचतं आणि लाळ, घाम, स्नायूंचं थरथरणं सुरू होतं.

शेवटी अख्खं फुगीर टोकच खोडा. माझ्या चुलतभावाला रात्री जमिनीवर झोपेत मण्यार चावला. दुखलं नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ आली आणि पापण्या उचलेनात. प्रतिविष देऊनही डोळे उघडत नाहीत म्हणून काकू हवालदिल झाली, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर औषधाच्या कागदामागे मी हेच चित्र काढलं. नागाचं विष पलीकडच्या पेशीवरचे ग्राही, म्हणजे रसायन पकडणारी प्रथिनं, अडवतं, टोक शाबूत असतं. मण्यारच्या विषातले घटक टोकावरच घाव घालतात. आधी पिशव्या रित्या होतात, मग टोक निकामी होतं. प्रतिविष मोकळं फिरणारं विष बांधतं, मोडलेलं टोक जोडत नाही. ते पुन्हा उगवेपर्यंत श्वास यंत्राने द्यावा लागतो. भाऊ अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता.

जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी जड झाल्या, गिळता येईना, तर दंशाची खूण दिसो न दिसो, थेट रुग्णालयात न्या.